आईला टेस्टमध्ये ३० पैकी २७ आले म्हणून पुढे पाठवत नाहीयेत, मेमरीच्या सविस्तर तपासणीला नक्की कधी पाठवतात?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय पण वाचा प्लीज.

माझी आई ६८ वर्षांची, कऱ्हाडला बाबांसोबत असते, मी पुण्यात. आई हायस्कूलला गणित शिकवायची, रिटायर होऊन दहा वर्षं झाली, आणि गल्लीतल्या बायकांची भिशी कित्येक वर्षं तीच चालवते. चौदा जणी आहेत, पैसे तिच्याकडे, वही तिच्याकडे, आजवर एका रुपयाचा घोळ नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा सहज वही उघडली तर सप्टेंबरच्या पानावर एकाच काकूंचा हप्ता दोनदा मांडलेला, दुसऱ्या एकीचा नाहीच, खाली बेरीज चार वेळा खोडलेली आणि समासात अगदी बारीक अक्षरात, 'या महिन्यात नंबर कुणाला लागला ते विचारणे'. म्हणजे तिला स्वतःला कळतंय आणि ती आमच्यापासून लपवतेय. मला तिथेच रडू आलं.

बाकी बघाल तर आई एकदम व्यवस्थित. गप्पा मारते, १९८५ च्या बॅचची मुलं नावानिशी आठवतात. पण सकाळी फोनवर बोललेलं संध्याकाळी तिला नवीनच असतं, आणि एकादशीला साबुदाणा भिजवून ठेवलेला असताना परत दुसऱ्या पातेल्यात भिजवला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी ती ३० मार्कांची टेस्ट घेतली, २७ आले, म्हणाले छान आहे, वयोमानाने एवढं होतंच. एमआरआय पण केला, त्यात 'वयानुसार बदल' एवढंच. मी विचारलं की सायकॉलॉजिस्टकडून मेमरीची डिटेल टेस्टिंग असते म्हणे, ती करूया का, तर म्हणाले काही गरज नाही, उगाच त्यांच्या मनात भीती बसेल. बाबा आणि दादा पण हेच म्हणतात. मी उगाच मागे लागलेय का? डॉक्टर लोक नक्की कधी पाठवतात या टेस्टला? आईला शुगरची मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू आहे, बीपीची गोळी आहे, आणि झोपेसाठी रात्री अर्धी गोळी घेते.

——

पाणंद:

ताई तुम्ही अजिबात उगाच मागे लागलेल्या नाही. भिशीची वही चुकणं ही साधी गोष्ट नाहीये, जी बाई वर्षानुवर्षं चुकली नाही ती चुकतेय एवढं पुरेसं आहे. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही 'वय झालं' म्हणत तीन वर्षं घालवली. पाठपुरावा सोडू नका.

——

तालुका_डॉक्टर:

मी तालुक्याच्या गावी २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्या डॉक्टरांनी निदान टेस्ट घेतली आणि स्कॅन केला, बऱ्याच ठिकाणी तेवढंही होत नाही, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका. पण 'गरज नाही' हे मला पटलेलं नाही, का ते सांगतो.

आधी मी काय करतो ते सांगतो म्हणजे तुम्हाला ते इथेच करून घेता येईल. मी घरच्यांना म्हणतो औषधांची सगळी पिशवी घेऊन या, चिठ्ठी नको, पिशवी. त्यात मेडिकलमधून वर्षानुवर्षं बिनचिठ्ठीची येणारी झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची पट्टी सापडते, लघवी आवरत नाही म्हणून कुणीतरी दिलेली गोळी सापडते, ॲलर्जीची सापडते, आणि यातल्या कित्येक गोळ्या म्हाताऱ्या माणसाची स्मृती मंद करतात. तुमच्या आईची ती अर्धी गोळी कोणती आहे ते आधी बघा, मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. दुसरं म्हणजे बी१२. मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू म्हटल्यावर बी१२ तपासलंच पाहिजे, ही गोळी ते कमी करते, आणि त्यात घरात शाकाहार असेल तर विचारूच नका. थायरॉईड, सोडियम, हिमोग्लोबिन हे पण. कान तपासा, कारण ऐकूच आलं नाही तर लक्षात राहणार काय. आणि मन कसं आहे ते विचारा, जेवण, झोप, कुठे जावंसं वाटतं का. उतारवयातलं डिप्रेशन रडून दाखवत नाही, 'काही सुचत नाही, लक्षात राहत नाही' असंच येतं.

आता पाठवायचं कधी. माझा स्वतःचा नियम असा की टेस्टचे मार्क एक सांगतायत आणि घर दुसरंच सांगतंय, तर पाठवायचं. डिप्रेशन आहे की विसराळूपणाचा आजार सुरू होतोय की दोन्ही, हे मला ओपीडीत बसून कळत नाही, तेव्हा पाठवायचं. वय ६५ च्या आत असेल तर फार वाट न बघता पाठवायचं. लकवा होऊन गेला, डोक्याला मार लागला, फिटचा आजार आहे, पार्किन्सन आहे आणि घरचे म्हणतात पहिल्यासारखा राहिला नाही, तर पाठवायचं. मृत्युपत्र करायचंय, धंद्याच्या सह्या आहेत, गाडी चालवतोय आणि घरात शंका आहे, तेव्हाही, कारण तिथे माझ्या अंदाजावर कुणाचं आयुष्य ठेवणं बरोबर नाही.

आणि कधी नाही पाठवायचं तेही सांगतो. ऑपरेशन होऊन किंवा न्यूमोनियातून उठून आठवडाभरच झालाय आणि माणूस बरळतोय, तर ती टेस्टची वेळच नाही, ते आधी मूळ दुखण्याचं बघायचं. तसंच ज्यांना घरचे लोक ओळखू येत नाहीत, आंघोळ घालावी लागते, त्यांना तीन तास खुर्चीत बसवून काहीच नवीन कळणार नाही, त्रास मात्र होईल.

एक गोष्ट मनात राहिलीय म्हणून लिहितो. एक पेशंट होते, हिशेबाचं काम केलेले, २९ मार्क घेतले होते त्यांनी. बायको म्हणत होती की काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं काकू, २९ आलेत, निर्धास्त राहा. पुढच्या दीड वर्षात फोनवरच्या फसवणुकीत त्यांच्या खात्यातून रिटायरमेंटची निम्मी रक्कम गेली, आणि मग तपासण्या झाल्या. त्या बाईंचं ऐकायला हवं होतं मी. तेव्हापासून बायको किंवा मुलगी बदल झालाय म्हणाली की मी मार्कांकडे दुसऱ्यांदा बघतो.

——

निवांत_दुपार:

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, हॉस्पिटलमध्ये याच टेस्ट घेते. वरच्या डॉक्टरांनी जे लिहिलंय ते सगळ्या डॉक्टरांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

कोयनाकाठ, तुमच्या आईंचे २७ आले हे ऐकून मला पहिला प्रश्न पडला की गेलेले तीन मार्क कुठले? ही टेस्ट बहुधा एमएमएसई असणार, १९७५ साली आलेली, आणि तिची रचना बघा. ३० पैकी १० मार्क तारीख, वार, गाव, मजला असल्या गोष्टींना. ५ मार्क शंभरातून सात वजा करत जाण्याला. आता हायस्कूलला गणित शिकवलेल्या बाईंना ते अर्ध्या झोपेतही येईल, त्यातून त्यांच्या मेंदूबद्दल काय कळणार? आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगणं, म्हणजे तुम्हाला ज्याची काळजी आहे नेमकं तेच, त्याला फक्त ३ मार्क, तीन शब्दांचे. एखाद्याची नवीन स्मृती पूर्ण गेलेली असेल आणि बाकी सगळं शाबूत असेल तर मार्क २७ च येतात. त्यामुळे डॉक्टरांकडून तो कागद मागून घ्या आणि बघा. शिकलेल्या, डोकं सतत वापरलेल्या माणसांत हे फार होतं, त्यांची गंगाजळी मोठी असते, ती बरीच रिकामी झाली तरी वरून दिसत नाही. त्यांची तुलना सरासरी माणसाशी करून चालत नाही, त्यांची त्यांच्याशीच करावी लागते.

आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. स्मृतीच्या भागात एक टेस्ट असते, १५ शब्द वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे सांगायचे, मग तीच यादी परत वाचायची, असं पाच वेळा. (शब्द इथे लिहीत नाही, आधी माहीत झाले की टेस्टच वाया जाते, कृपया नेटवर शोधून आईंची तयारी करून घेऊ नका.) मग मध्ये दुसरी एक यादी, मग चित्रं, आकडे, कोडी असलं काम, आणि साधारण अर्ध्या तासाने विचारायचं की मघाची पहिली यादी सांगा. खरी गोष्ट इथे कळते. एक आजोबा पाचव्या फेरीला दहा शब्द सांगतात, अर्ध्या तासाने चारच सांगतात, पण मी शब्द वाचून 'हा होता का, हा होता का' विचारलं की जवळपास सगळे ओळखतात. म्हणजे शब्द आत गेलेत, कपाटात आहेत, फक्त हाताला लागत नाहीत. डिप्रेशनमध्ये, किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासात असं दिसू शकतं. दुसऱ्या एक आजी पाचव्या फेरीला सात सांगतात, अर्ध्या तासाने एकही नाही, आणि ओळखायला दिलं तर यादीत नसलेले शब्दही 'हो होता की' म्हणतात. मी एकदा अशा आजींना विचारलं, तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या 'कसली यादी हो बाई?' शब्द कपाटात पोचलेच नव्हते. अल्झायमरच्या सुरुवातीला दिसतं ते असं. घरी मात्र दोघांबद्दल तक्रार एकच असते, 'लक्षात राहत नाही', आणि उपचार आणि पुढची तयारी पूर्ण वेगळी असते. एमआरआय हा फरक सुरुवातीला दाखवेलच असं नाही.

एक मात्र सांगते, आमचा रिपोर्ट एकटा निदान करत नाही. तो न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांनी रक्त, स्कॅन, घरच्यांचं सांगणं यासोबत वाचायचा असतो. आणि रिपोर्ट चांगला आला तरी ती टेस्ट वाया गेली असं नाही, वर्षाने परत केली तर खाली गेले की नाही हे बोट ठेवून सांगता येतं. सहा महिन्यांच्या आत शक्यतो परत करू नये, सरावाने मार्क वाढतात.

डॉक्टरांना माझी एकच कळकळीची विनंती असते, चिठ्ठीवर नुसतं 'मेमरी टेस्टिंग' लिहून पाठवू नका. प्रश्न लिहा. 'माजी शिक्षिका, हिशेबात नव्याने चुका, एमएमएसई २७, डिप्रेशन की सुरुवातीचा स्मृतिविकार?' एवढ्या एका ओळीने मला कळतं की कुठल्या टेस्ट घ्यायच्या. प्रश्नच नसेल तर मी दहा पानी रिपोर्ट देईन आणि त्याचं कुणाला काही करता येणार नाही.

जाताना चष्मा, कानाचं यंत्र असेल तर ते, पोटभर नाश्ता, शक्यतो सकाळची वेळ. दोन ते तीन तास लागतात, मध्ये चहाला थांबतो. घरातलं एक माणूस सोबत हवं जे आईंना रोज बघतं, त्यांच्याशी आम्ही वेगळं बोलतो, आईंच्या समोर नाही. आणि जिथे जाल तिथे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते विचारा. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही चौकशी करा, तिथे खर्च बराच कमी येतो.

——

पानगळ:

मी थोडं वेगळं सांगते, कारण आमच्याकडे विसरणं नव्हतंच. माझे मिस्टर ५४ वर्षांचे असताना सुरू झालं. तारखा पाठ, रस्ते पाठ, सगळं लक्षात. पण माणूस बदलला. सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला भात जास्त शिजलाय म्हणून सगळ्यांसमोर तक्रार करत बसले, डोळ्यात पाणी नाही. गोड खाणं इतकं वाढलं की लाडवाचा डबा लपवून ठेवावा लागायचा. मुलीच्या मैत्रिणीला नको ते बोलले. दोन वर्षं आम्ही आधी संसाराचं भांडण समजलो, मग स्वभाव समजलो, मग मानसिक आजाराच्या गोळ्या चालल्या, आणि प्रत्येक ठिकाणी ती छोटी टेस्ट घेऊन ३० पैकी २८, २९. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनीच ही लांबची टेस्ट करायला सांगितली, तिथे नियोजन, स्वतःला आवरणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणं यात ते फार खाली निघाले आणि मग पुढचं स्कॅनिंग होऊन फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजण्याचा आजार, असं निदान झालं. बरं होणारा आजार नाही तो. पण मी त्यांच्यावर दोन वर्षं ओरडत होते, ते ओरडणं त्या दिवशी थांबलं. तेवढ्यासाठी तरी दोन वर्षं आधी कुणी पाठवायला हवं होतं. पन्नाशीतल्या माणसाचा स्वभाव अचानक बदलला तर डॉक्टरांनी 'मेमरी चांगली आहे' म्हणून परत पाठवू नये, हात जोडून सांगते.

——

मळ्यातला:

शिकलेल्या लोकांचं झालं, पण माझी आजी शाळेत गेलेलीच नाही, तिला घड्याळाचं चित्र काढा म्हणाले, तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. १४ मार्क पडले आणि लगेच डिमेन्शिया म्हणून गोळी सुरू. आणि घरी बघा तर आजी गाभण म्हैस कधी व्यायची ते बिनचूक सांगते, कुणाकडून किती शेणी घेतल्या त्याचा हिशेब तोंडावर. अशांना पाठवायला नको का मग?

——

निवांत_दुपार:

मळ्यातला, अगदी पाठवायला हवं, आणि अशा ठिकाणी जिथे न शिकलेल्या माणसाला कसं तपासायचं हे माहीत आहे. लिहिणं, चित्र काढणं ज्यात लागतं ते मार्क तुमच्या आजीच्या मेंदूचे नाहीत, शाळेचे आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अशाच लोकांसाठी त्या ३० मार्कांच्या टेस्टचं हिंदी रूप बसवलं गेलं, त्यात वाचणं लिहिणं लागत नाही. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआय हॉस्पिटलची मेमरी स्केल आहे, बंगळूरच्या निम्हान्सची बॅटरी म्हणजे टेस्टचा संच आहे, त्या भारतीय लोकांवर बसवलेल्या आहेत. आणि आम्ही घरच्यांना खोदून विचारतो की जे काम त्या आयुष्यभर करत आल्या त्यात चुकतायत का. म्हैस कधी विणार हे बिनचूक सांगणं माझ्यासाठी मोठी माहिती आहे. गोळी कुणी सुरू केली त्यांना हे सांगा आणि परत तपासून घ्या, स्वतःहून बंद नका करू.

——

लेस्टरकर:

आम्ही यूकेत असतो. इथे नाइसची, म्हणजे उपचारांचे नियम सुचवणाऱ्या सरकारी संस्थेची, २०१८ ची गाइडलाइन आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की छोट्या टेस्टला मार्क नॉर्मल आले एवढ्यावरून डिमेन्शिया नाही असं ठरवू नये. आणि त्रास आहे की नाही, किंवा तो डिमेन्शियाचा आहे की दुसऱ्या कशाचा, किंवा कुठल्या प्रकारचा, हे नीट कळत नसेल तर न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग, म्हणजे वर म्हटलेली हीच सविस्तर टेस्ट, करायचं. कोयनाकाठ यांच्या आईंना हे तंतोतंत लागू होतं.

पण भाषेचं बघा हं. माझ्या सासूबाई इथे आल्यावर त्यांची टेस्ट इंग्लिशमध्ये घेतली, मी बाजूला बसून मराठीत सांगत होतो, आणि नंतर कळलं की मी नकळत इशारे देत होतो. एका मिनिटात प्राणी सांगा म्हटल्यावर त्या गाय, बैल, शेळी, करडू, वासरू सांगत गेल्या आणि मी भाषांतर करता करता दोन गाळले. दुसऱ्या वेळी दुभाषा मागितला, घरचा माणूस नाही. इथे राहणाऱ्यांनी अपॉइंटमेंटच्या आधीच सांगावं. भारतात पण बंगळूरला, हैदराबादला मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचं हेच होतं, मराठीत टेस्ट घेणारं कुणी आहे का हे आधी विचारा. मोका नावाची तशीच ३० मार्कांची दुसरी छोटी टेस्ट मराठीत आहे.

——

कोयनाकाठ:

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंत ते मी प्रिंट काढून दादाला वाचायला दिलं.

डॉक्टरांकडे गेले आणि तो टेस्टचा कागद मागितला. निवांत_दुपार, तुम्ही विचारलं होतंत ना तीन मार्क कुठले. तिन्ही त्या तीन शब्दांचेच. बाकी सगळं पूर्ण. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाही, त्यांनी पण बराच वेळ बघितला आणि म्हणाले, मी बेरीज बघितली, पान बघितलं नाही. मग त्यांनीच न्यूरोलॉजिस्टना चिठ्ठी लिहिली, आणि खाली तुम्ही सांगितलं तसा प्रश्न लिहिला. मनाने मोठा माणूस, मला त्यांच्याबद्दल राग राहिला नाही.

बी१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शन चालू झालीत. झोपेची गोळी अल्प्राझोलाम होती, ती कमी करत आणायचा तक्ता करून दिलाय. टेस्टिंगची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळालीय. तोपर्यंत थांबणं ठीक आहे ना, की लवकरची बघू?

——

तालुका_डॉक्टर:

दोन महिने उलट चांगले आहेत. बी१२ भरून येईल, गोळीचा अंमल उतरेल, त्यानंतरही जे उरेल ते खरं. तारीख मात्र रद्द करू नका, बी१२ सापडलं म्हणजे उत्तर सापडलं असं धरून बरेच लोक तिथेच थांबतात. मध्येच अचानक गोंधळ वाढला, चालताना तोल जायला लागला, लघवीवर ताबा राहिला नाही तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.

——

कोयनाकाठ:

हो डॉक्टर, लक्षात ठेवते. आईला मीच सांगितलं काल. घाबरत घाबरत सांगितलं की समासात लिहिलेलं मी वाचलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, 'बरं झालं कुणीतरी वाचलं.' पुढच्या महिन्यापासून वही शेजारच्या काकू आणि ती दोघी मिळून लिहिणार आहेत.

एक विचारायचं राहिलं, टेस्टला जाताना ती वही सोबत नेली तर चालेल का?

——

निवांत_दुपार:

जरूर न्या. आणि नुसती या वर्षाची नको, तीन-चार वर्षांपूर्वीच्या जुन्या वह्या घरात असतील तर त्याही काढा.